तलवारही हवी, मंत्रही हवा : गॅरी गायगॅक्स नावाच्या माणसाची गोष्ट

तुमच्या फोनमध्ये आत्ता एखादा तरी गेम असेलच. तो उघडून बघा. वर कोपऱ्यात एक पट्टी दिसते, मार बसला की ती कमी होते. नावाशेजारी लेव्हलचा आकडा असतो. शत्रू मारले की पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की लेव्हल वाढते. आणि सुरुवातीला कॅरेक्टर निवडताना एक दणकट गडी असतो, एक चपळ असतो, एक जादूवाला असतो. हे सगळं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कधीतरी कोणीतरी बसून हे ठरवलं असेल, असं मनातसुद्धा येत नाही.

पण ते ठरवलं गेलं. तेही कॉम्प्युटरवर नाही, कागदावर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे, तळ्याच्या काठावर. तिथे नोकरी गेलेला, पाच मुलांचा बाप असलेला एक माणूस टाइपरायटरवर नियम बडवत बसला होता. त्याचं नाव गॅरी गायगॅक्स. मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसन या मित्राबरोबर त्याने १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ काढला. लोक त्याला नुसतं डी अँड डी म्हणतात.

मी भंडाऱ्याचा. आमचा जिल्हाही तलावांचाच, त्यामुळे तळ्याकाठच्या गावातला माणूस म्हटल्यावर मला उगाच जवळचा वाटतो. पण त्याच्याबद्दल वाचायला लागलो ते यामुळे नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घरी गेलो होतो. मंडईचे दिवस. मोठी माणसं रात्री दंडार, नाटक बघायला बाहेर, आणि आम्ही चार भावंडं घरात. मी बंगळुरूहून आणलेले फासे काढले आणि त्यांना डी अँड डी शिकवलं. धाकट्या मावसभावाने एल्फ घेतला, म्हणजे हातात तलवार आणि तोंडात मंत्र, दोन्ही. पहिल्या रात्री मजा आली. तिसऱ्या रात्री मात्र नुसती तलवार घेतलेली मामेबहीण फोन बघत बसली, कारण ती जे करू शकत होती ते सगळं एल्फही करत होता, वर जादू करत होता ती वेगळीच. चौथ्या रात्री खेळ झालाच नाही. मला राग आला तो नियमावर. हा नियम लिहिला कोणी आणि लिहिताना त्याच्या डोक्यात काय होतं, हे शोधता शोधता मी गायगॅक्सपर्यंत पोचलो.

शिकागोचा मुलगा

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्सचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. १९४६ मध्ये कुटुंब आईच्या माहेरच्या गावी, लेक जिनिव्हाला राहायला आलं. मुलगा लहानपणीच पत्ते आणि बुद्धिबळ शिकला, आणि हाताला लागेल ती स्वस्त साहसकथांची मासिकं वाचत सुटला. कॉनन हा रानटी योद्धा लिहिणारा रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स ही त्याची दैवतं. व्हान्सचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे लागणार आहे.

अभ्यासात त्याचं लक्ष नव्हतं. वडील वारले १९५६ मध्ये, आणि त्याच सुमारास शाळा सुटली ती सुटलीच. मरीन सैन्यात भरती झाला, पण न्यूमोनियामुळे परत यावं लागलं. मग एका विमा कंपनीत माल पाठवण्याच्या विभागात कारकुनी. १९५८ मध्ये मेरी जो पॉवेल हिच्याशी लग्न झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच्या हातात गेटिसबर्ग नावाचा एक युद्धखेळ पडला. नकाशा, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि अमेरिकन यादवी युद्धातली एक लढाई. त्यानंतर हा माणूस घरी कमी आणि मित्रांच्या तळघरांत जास्त सापडायला लागला. असं सांगतात की बायकोला संशय आला, याचं बाहेर काहीतरी चालू आहे. ती पाठलाग करत एका तळघरात धडकली. तिथे नवरा आणि त्याचे मित्र एका नकाशावर ओणवे होऊन बसलेले.

१९६२ पासून तो शिकागोत फायरमन्स फंड या विमा कंपनीत काम करू लागला. त्याचं काम जोखीम मोजण्याचं. कोणाला विमा द्यायचा, किती हप्त्याला द्यायचा, हे तक्त्यांवरून ठरवायचं. मला तर वाटतं डी अँड डीच्या पानापानावर जे तक्ते दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे. दिवसभर जो माणूस अपघाताची शक्यता आकड्यांत मांडतो, त्याला रात्री ड्रॅगनच्या आगीतून वाचण्याची शक्यता आकड्यांत मांडायला किती वेळ लागणार?

१९६७ मध्ये त्याने आपल्या घराच्या तळघरात वीसेक जणांना खेळायला बोलावलं. पुढच्या वर्षी गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि त्या मेळाव्याला जेनकॉन असं नाव दिलं. आज तो जगातल्या मोठ्या टेबल-खेळांच्या मेळाव्यांपैकी एक आहे. १९६९ च्या मेळाव्यात त्याची अर्नेसनशी ओळख झाली.

आणि १९७० च्या शेवटी नोकरी गेली.

चप्पल-बूट आणि फायरबॉल

पाच मुलं, बायको, पगार नाही. घरखर्चासाठी तो बूट दुरुस्त करायला लागला. हो, खरंच. तळघरात बूट शिवायचे आणि उरलेल्या वेळात नियम लिहायचे. १९७१ मध्ये जेफ पेरेनबरोबर लिहिलेला चेनमेल हा मध्ययुगीन लढायांचा खेळ छापून आला. त्याच्या शेवटी एक छोटी पुरवणी होती. त्यात एल्फ, ड्रॅगन, जादूगार सगळे आले. या पुरवणीतला जादूगार म्हणजे प्रत्यक्षात चालतीबोलती तोफच होती. लढाईच्या खेळात दूरवर मारा करणाऱ्या यंत्राचं जे काम, तेच जादूगाराच्या आगीच्या गोळ्याला दिलेलं. माणसांच्या अख्ख्या तुकड्या एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला.

इथेच पुढच्या सगळ्या भांडणाचं बी आहे. तोफ सैन्यात शोभते. पण तिला चार जणांच्या टोळीत बसवली तर बाकीच्या तिघांनी करायचं काय?

तिकडे अर्नेसनने ब्लॅकमूर नावाची एक काल्पनिक जहागीर उभी केली होती. त्यात एक खेळाडू म्हणजे एक सैन्य नव्हतं, एक खेळाडू म्हणजे एक माणूस होता. त्या माणसाला मार सोसायची ठरावीक ताकद होती, आणि अनुभव मिळवून तो वर चढत होता. तुमच्या फोनमधल्या पट्टीचं आणि लेव्हलचं श्रेय द्यायचं तर आधी अर्नेसनला द्यायला हवं. १९७२ च्या शेवटी शेवटी तो लेक जिनिव्हाला आला आणि गायगॅक्सला हा खेळ खेळवून दाखवला. गायगॅक्स वेडा झाला. अर्नेसनकडून टिपणं घेतली आणि टाइपरायटर धडधडू लागला. आधी पन्नासेक पानं, मग दीडशे. पहिले खेळाडू त्याचीच मुलं, अर्नी आणि एलिस. दुसऱ्या रात्री मित्र डॉन के आणि कुंट्झ भाऊ आले. बहुपैलू फासे मिळाले ते शाळांना सामान पुरवणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून.

छापायला कोणी तयार होईना. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये गायगॅक्स आणि डॉन के यांनी टॅक्टिकल स्टडीज रूल्स, म्हणजे टीएसआर ही कंपनी काढली. डॉनने स्वतःच्या आयुर्विम्यावर कर्ज काढून वाटा भरला. तेवढ्याने भागेना, तेव्हा ब्रायन ब्लूम हा तिसरा भागीदार २,००० डॉलर घेऊन आला. जानेवारी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिका एका खोक्यात घालून १० डॉलरला विकायला ठेवल्या. पहिल्या १,००० प्रती. खोकी घरीच भरली जायची. वर्षभराच्या आत सगळ्या संपल्या.

तर मग एल्फचं काय?

आता माझ्या मावसभावाकडे येऊ.

१९७४ च्या नियमांत माणसांसाठी तीनच वर्ग होते : योद्धा, जादूगार आणि पुरोहित. योद्ध्याला वाटेल ते शस्त्र, वाटेल ते चिलखत. जादूगाराला चिलखत नाही, शस्त्र म्हणाल तर खंजीर. पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र. तो वापरला की तो डोक्यातून पुसला जाणार, पुन्हा हवा असेल तर पुन्हा पाठ करा. मंत्र विसरण्याची ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्सच्या कथांवरून उचलली. व्हान्सचे जादूगार मोजके मंत्र डोक्यात कोंबून निघतात आणि उच्चारला की मंत्र गेला.

आपल्याला यात नवीन काय वाटणार? कर्णाला इंद्राने शक्ती दिली ती एकदाच वापरण्यासाठी. त्याने ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती आणि घटोत्कचावर खर्च करावी लागली. शिवाय परशुरामाचा शाप, ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही. कर्ण म्हणजे तलवार आणि मंत्र दोन्ही असलेला योद्धाच, आणि त्याला कोणीतरी फार विचारपूर्वक लगाम घातलाय. गायगॅक्सने महाभारत समोर ठेवलं होतं असं माझं म्हणणं नाही. पण अडचण एकच आहे. ज्याच्याकडे सगळं आहे, त्याच्या गोष्टीत धोका कुठून आणायचा? त्यावर उपायही तोच निघाला : मोजून द्या, आणि दिलेलं संपू द्या.

एल्फसाठी मात्र गायगॅक्सने एक वेगळीच वाट काढली. एल्फ योद्धाही होऊ शकतो, जादूगारही. एका मोहिमेपुरता हा, दुसऱ्या मोहिमेपुरता तो. मोहीम सुरू झाल्यावर मध्येच पक्ष बदलायचा नाही. पण शस्त्रं आणि मंत्र दोन्ही वापरता येतील, असंही तिथेच लिहिलेलं. म्हणजे नक्की काय, यावर लोक आजही भांडतात. आणि वर एक कडक मर्यादा : योद्धा म्हणून चौथ्या लेव्हलपर्यंत, जादूगार म्हणून आठव्या लेव्हलपर्यंत. त्यापुढे कितीही राक्षस मारा, लेव्हल वाढणार नाही. माणसाला अशी मर्यादा नव्हती.

१९७८ मध्ये सुधारित आवृत्तीचं प्लेयर्स हँडबुक आलं. त्यात एल्फला एकाच वेळी योद्धा आणि जादूगार होता येतं. मिळालेले अनुभवाचे पॉइंट, म्हणजे एक्सपी, दोन वर्गांत अर्धे-अर्धे वाटायचे. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं ना? दोन कामं शिकणारा निम्म्या वेगाने शिकणार. पण तक्ता उघडा आणि हिशोब करा.

समजा तिघांकडे प्रत्येकी ५०,००० एक्सपी आहेत. नुसता योद्धा ३५,००१ ला सहाव्या लेव्हलवर पोचतो, म्हणजे तो सहावर आहे. नुसता जादूगार ४०,००१ ला सहाव्यावर, तोही सहावर. एल्फचे झाले २५,००० आणि २५,०००. योद्ध्याची पाचवी लेव्हल १८,००१ ला, जादूगाराची पाचवी २२,५०१ ला. म्हणजे एल्फ पाचव्या लेव्हलचा योद्धा अधिक पाचव्या लेव्हलचा जादूगार! फक्त एक लेव्हल मागे राहून त्याने दोन माणसांचं काम पदरात पाडून घेतलं.

असं का झालं? कारण तक्त्यातला आकडा दर लेव्हलला जवळजवळ दुप्पट होतो. दुपटीच्या शिडीवर निम्मे पॉइंट म्हणजे एकच पायरी खाली. ज्यांनी बायनरी सर्च शिकलंय त्यांना हे लगेच दिसेल, डेटा निम्मा केला तरी पायरी एकच कमी होते. गायगॅक्सने वाटणी सरळ रेषेत केली आणि शिडी मात्र घातांकी होती. आमच्या ऑफिसात कोड तपासताना अशी चूक सापडली तर त्या दिवशीचा चहा सापडवणाऱ्याला फुकट.

याची किंमत कुठेतरी वसूल व्हायला हवी होती. थोडी झाली ती एचपीत. योद्ध्याला दर लेव्हलला दहा बाजूंचा फासा, सरासरी ५.५. जादूगाराला चार बाजूंचा, सरासरी २.५. एल्फला दोघांची सरासरी, म्हणजे ४. वरच्या उदाहरणात योद्ध्याकडे साधारण ३३ एचपी, जादूगाराकडे १५, एल्फकडे २०. म्हणजे एल्फ जादूगारापेक्षा टणक आणि योद्ध्यापेक्षा कच्चा. इथपर्यंत ठीक. पण पाचव्या लेव्हलला जादूगाराला फायरबॉल मिळतो, लेव्हलमागे सहा बाजूंचा एक फासा. पाच फासे, सरासरी १७.५, आणि तेही एका शत्रूला नाही, त्या जागेतल्या सगळ्यांना. साध्या तलवारीचा फासा आठ बाजूंचा, सरासरी ४.५. माझी मामेबहीण फोन का बघत बसली ते आता कळलं असेल.

खरी वसुली गायगॅक्सने लेव्हलच्या मर्यादेतच ठेवली. नव्या पुस्तकात आकडे वाढले, पण मर्यादा राहिलीच : उत्तम ताकद आणि उत्तम बुद्धी असली तरी एल्फ योद्धा सातव्या लेव्हलला आणि एल्फ जादूगार अकराव्या लेव्हलला थांबणार. त्याचं कारण त्याने स्वतः मांडलंय. खेळाचं जग माणसांचं राहावं, सगळेच खेळाडू एल्फ आणि बुटके होऊन बसू नयेत. एल्फला दोन्ही हातांत लाडू दिले तर माणूस कोण होणार?

हेतू पटतो. उपाय मला पटत नाही. जे टेबल दोन-तीन महिने खेळून थांबतं, त्याला ही मर्यादा कधी दिसतच नाही. तोपर्यंत एल्फ सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटतो. जे टेबल चार वर्षं खेळतं, तिथे हाच एल्फ एक दिवस गोठतो आणि मित्र पुढे निघून जातात. सुरुवातीला जास्त आणि शेवटी कमी, सरासरी बरोबर! पण माणसं सरासरीत खेळत नाहीत, आज रात्री खेळतात. मूळ बग तसाच ठेवून वर ट्राय-कॅच लावल्यासारखं झालं हे.

गंमत म्हणजे नुसत्या माणसांच्या तक्त्यातही असाच एक खड्डा आहे. सुरुवातीला जादूगाराची लेव्हल महाग असते, दुसऱ्या लेव्हलला योद्ध्याला २,००१ लागतात आणि जादूगाराला २,५०१. पण आठव्या लेव्हलला योद्ध्याला १,२५,००१ लागतात आणि जादूगाराला ९०,००१ च. म्हणजे ज्याची ताकद आधीच भराभर वाढतेय, त्यालाच लेव्हलही स्वस्त. हे गायगॅक्सच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही. त्याचा हिशोब असा असणार की आठव्या लेव्हलपर्यंत जादूगार जिवंत राहणारच नाहीत. विमा कंपनीतल्या माणसाचा हिशोब! मेलेल्यांची संख्या धरून दर ठरवायचा. त्याच्या टेबलावर तो बरोबरही होता, तिथे पात्रं पटापट मरायची. आमच्या घरी मी कोणाला मरूच दिलं नाही, दिवाळी होती. मग दर चुकला.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. त्याचा मुलगा ल्यूक हा लहान असताना ज्या पात्राने खेळायचा ते पात्र एल्फ होतं, योद्धा अधिक जादूगार. नाव मेल्फ. पात्राच्या कागदावर पुरुष आणि एल्फ हे इंग्रजीत थोडक्यात लिहिलं होतं, तेच जोडून नाव झालं. १९८५ च्या पुस्तकात त्या नावाचे मंत्र छापून आले, आणि बाल्डर्स गेट खेळणाऱ्यांनी मेल्फचा ॲसिडचा बाण नक्की मारला असेल. म्हणजे ज्या एल्फला लगाम घालायचा बाप प्रयत्न करत होता, तोच एल्फ त्याच्याच घरात जेवायच्या टेबलावर बसला होता.

कंपनी मोठी झाली, माणूस बाहेर

आता मागे जाऊ. ३१ जानेवारी १९७५ ला डॉन के हृदयविकाराने गेला. वय ३६. खेळ येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कंपनी नव्याने उभी करावी लागली, ब्लूम कुटुंबाचा पैसा आत आला आणि गायगॅक्सच्या हातात बहुमत राहिलं नाही. तेव्हा कोणाला त्यात काही खटकलं नाही, कारण विक्री दर वर्षी वाढतच होती.

अर्नेसनशीही बिनसलं. सुधारित आवृत्तीवर नाव एकट्या गायगॅक्सचं. म्हणजे मानधनही त्यालाच. अर्नेसनने १९७९ मध्ये कोर्टात दावा लावला, १९८१ मध्ये तडजोड झाली. माझं मत सांगतो : कल्पनेची ठिणगी अर्नेसनची, पण ती शंभर गावांत कोणालाही वापरता येईल अशी लिहून काढणं गायगॅक्सचं. ज्याने कधी दुसऱ्याच्या अर्धवट कोडचं डॉक्युमेंटेशन लिहिलंय त्याला हे काम किती मोठं आहे ते माहीत असतं. तरी पाटीवर दोन्ही नावं हवी होती.

१९७९ मध्येच मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि शोध घेणाऱ्या खासगी गुप्तहेराने खेळाकडे बोट दाखवलं. मुलगा काही आठवड्यांनी सापडला, त्याच्या जाण्याचा खेळाशी संबंध नव्हता. पण बातमी सुटली ती सुटली. हा खेळ सैतानाची पूजा शिकवतो, मुलांना वेड लावतो, असा गदारोळ अमेरिकेत अनेक वर्षं चालला. गायगॅक्स टीव्हीवर जाऊन समजावत राहिला. आपल्याला हे नवीन नाही. २०१९ मध्ये राजकोटमध्ये पबजी खेळताना सापडलेल्या मुलांना पोलिसांनी पकडलं होतं, आठवतंय? गदारोळाचा एक उलटा परिणामही झाला, खेळाचं नाव घराघरात गेलं आणि खप वाढला.

ऐंशीच्या सुरुवातीला गायगॅक्स हॉलिवूडमध्ये मोठ्या बंगल्यात राहून खेळावर कार्टून मालिका काढत होता. ती १९८३ ते १९८५ या काळात सीबीएसवर लागायची. घटस्फोटही याच काळातला. लेक जिनिव्हात मात्र कंपनी वाटेल तसा खर्च करत होती आणि १९८४ पर्यंत सुमारे १५ लाख डॉलरच्या कर्जात गेली होती. तो धावत परत आला. १९८५ च्या मार्चमध्ये शेअर घेण्याचा आपला हक्क वापरून त्याने कंपनी ताब्यात घेतली आणि कारभार सावरायला लॉरेन विल्यम्स यांना आणलं. ब्लूम भावांनी आपले शेअर त्यांनाच विकले. ऑक्टोबर १९८५ मध्ये संचालकांच्या बैठकीत गायगॅक्सला पदावरून काढलं. तो कोर्टात गेला, हरला, आणि पुढच्या वर्षी राजीनामा देऊन बाहेर पडला. ज्या खेळाचे नियम बूट शिवता शिवता लिहिले, त्यात यापुढे एक ओळ बदलायचा हक्क त्याला उरला नाही.

तो नवे खेळ काढत राहिला. १९९२ चा डेंजरस जर्नीज आला आणि जुन्याच कंपनीने त्यावर खटला भरला. १९९४ मध्ये तो खेळ त्यांनी विकत घेऊन बंद करून टाकला. १९९७ मध्ये टीएसआरच बुडायला आली आणि विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती घेतली. नव्या मालकांशी गायगॅक्सचं बरं जमलं. तो पुन्हा मेळाव्यांना जाऊ लागला, इंटरनेटवर लोकांच्या नियमांच्या शंकांना स्वतः उत्तरं देऊ लागला. आणि त्याच्याच घराच्या पडवीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना खेळवायचा. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आले. ४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हालाच तो गेला, वय ६९. अंत्यविधीनंतर जमलेल्या मित्रांनी घरी न जाता एकत्र बसून फासे टाकले. त्यातूनच पुढच्या वर्षीपासून गॅरीकॉन हा मेळावा सुरू झाला.

आणि तो एल्फ?

त्याच्या हयातीतच दुसऱ्यांनी त्याच्यावर बराच हात फिरवला. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत टॉम मोल्डव्हे यांनी एल्फ हाच एक वर्ग केला : दुसऱ्या लेव्हलला ४,००० एक्सपी, म्हणजे योद्ध्याच्या दुप्पट, आणि दहाव्या लेव्हलला थांबा. किंमत निदान समोर तरी दिसते. २००० च्या आवृत्तीत लेव्हलच्या मर्यादा गेल्या. त्याऐवजी चिलखत घालून मंत्र म्हटला तर तो ठरावीक टक्के वेळा फसायला लागला. २०१४ च्या आवृत्तीत एल्ड्रिच नाइट आला. हा मुळात योद्धाच, तिसऱ्या लेव्हलपासून थोडी जादू शिकतो, आणि मंत्रांत चौथ्या पातळीच्या पुढे जात नाही, तर पूर्ण जादूगार नवव्या पातळीपर्यंत जातो. त्याची जादू तलवारीला जोड म्हणून आहे, तलवारीऐवजी नाही. मला आजवर पाहिलेल्यांत हा उपाय सगळ्यात चांगला वाटतो.

पण गेल्या दिवाळीत मी तो वापरला नाही. मी सरळ १९७४ च्या पुस्तिकेतलं ते भांडणाचं वाक्य घेतलं, त्याचा कडक अर्थ लावला आणि मावसभावाला सांगितलं : गुहेत शिरायच्या आधी ठरव, आज तलवार की मंत्र. एकदा ठरलं की ती मोहीम संपेपर्यंत बदल नाही, आणि त्या मोहिमेचे सगळे एक्सपी त्याच वर्गाला. तो एक दिवस माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला आणि मामेबहिणीला विचारलं, तू आज पुढे उभी राहणार आहेस का, म्हणजे मी मंत्र घेतो. तिने फोन चार्जिंगला लावला आणि फासे ओढून घेतले.